झडपेपाशी

आमच्या खोलीत कामाच्या वेळी दोनच शब्द बोलले जायचे. मी म्हणायचे ‘उघड’, की दादा झडप उघडायचा. मी म्हणायचे ‘बंद’, की तो बंद करायचा. अकरा वर्षं हेच. नवरा-बायकोसुद्धा इतकी वर्षं एकमेकांचं इतकं मुकाट्यानं ऐकत नाहीत. बाकीची भांडणं आम्ही जेवणाच्या सुट्टीत करायचो, आणि ती पोटभर करायचो.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. एकाच संस्थेत, एकाच तळघरात, एकाच यंत्रावर भाऊ-बहीण, यावर लोकांनी बरंच तोंडसुख घेतलं. घेवोत. कागदोपत्री तो शास्त्रज्ञ आणि मी तंत्रज्ञ, पण मोजणीच्या काउंटरसमोरच्या खुर्चीत मी बसायचे आणि झडपेच्या दांड्यापाशी तो उभा असायचा, कारण त्याला एका जागी बसवायचं नाही. बसवलं की पाय हलवायचा, आणि पाय हलवला की टेबल हलायचं, आणि टेबल हललं की मी ओरडायचे.

काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या यंत्राच्या एका टोकाला मुठीएवढी भट्टी आहे. तिच्यात कॅल्शियमचा तुकडा तापवायचा. कॅल्शियम म्हणजे हाडांत असतो तोच, फक्त इथे तो शुद्ध धातू. तापला की त्याचे अणू एका चिरेतून बाहेर पडतात आणि हवा काढून टाकलेल्या नळीतून सरळ रेषेत जातात. वाटेत आडवी बंदूक आहे, ती इलेक्ट्रॉन मारते. इलेक्ट्रॉन पुरेसा जोरात बसला, तर अणूचा एक इलेक्ट्रॉन उडतो. असा फुटलेला अणू आम्ही ओढून घेतो, तो काउंटरवर पडतो आणि टिक्क वाजतं. किती जोरानं मारलं तर किती फुटतात, एवढंच मोजायचं. जोर व्होल्टमध्ये. सहाच्या खाली कॅल्शियम फुटत नाही, डोकं आपटलं तरी.

आता नळीतली सगळी हवा कधीच निघत नाही. उरलीसुरली हवाही बंदुकीच्या मारानं फुटते आणि उगाच टिकटिक करते. तो कचरा. म्हणून भट्टीच्या तोंडाशी एक झडप. एक मिनिट झडप उघडी ठेवून मोजायचं: धातू अधिक कचरा. एक मिनिट बंद ठेवून मोजायचं: नुसता कचरा. मग वजाबाकी. दुसरीतल्या पोराचं गणित, पण ते दिवसातून दोनशे वेळा आणि वर्षानुवर्षं करायचं असतं.

चार महिन्यांपूर्वी दादा संस्थेच्या जिन्यात खाली बसला. ‘जरा बसतो,’ म्हणाला. मी दोन पायऱ्या पुढे होते. वळून चिडवलं, ‘आज बसवतंय का तुला?’ तो उठलाच नाही. ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं, आणि तेही टोमणा. त्याची बोच जात नाही.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी पत्र आलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं कॅल्शियम मोजलं होतं, आणि त्यांचा आकडा आमच्या बरोबर दुप्पट होता. थोडाथोडका फरक असता तर मी हसून सोडून दिला असता. दुप्पट! दिवे बनवणारे, ताऱ्यांचा उजेड अभ्यासणारे, असे सगळे ज्या कोष्टकातून आकडे उचलतात, त्यात कॅल्शियमसमोर दादाचा आकडा आहे आणि आकड्यासमोर दादाचं नाव. त्या कोष्टकाची नवी आवृत्ती निघणार होती. महिनाअखेरपर्यंत पुन्हा मोजून खात्री द्या, नाहीतर तुमचा काढून त्यांचा आकडा घालू, असं कोष्टकाच्या समितीनं कळवलं. आमच्या साहेबांनी पत्र माझ्यासमोर सरकवलं.

‘मोजता येईल एकटीला?’

‘येईल,’ मी म्हणाले. ‘अकरा वर्षं काय गोट्या खेळले मी?’

साहेबांनी चष्मा पुसला. ते अडचणीत आले की चष्मा पुसतात.

खरं सांगायचं तर हे मी संस्थेसाठी करत नव्हते. वहिनीसाठी करत होते. कोष्टकाचं ते पान तिनं घरी फ्रिजच्या दारावर लावून ठेवलं होतं. त्यातली एक रेघसुद्धा तिला कळत नव्हती, फक्त नाव वाचता येत होतं. पत्राचं सांगितलं तेव्हा ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली.

‘ठकू, आम्हाला मूल नाही, बाळ नाही,’ ती म्हणाली. ‘त्याचं नाव जगात एवढ्या एका ओळीत आहे. तेवढं राहू दे बाई.’

मी तिला शब्द दिला. शब्द देताना मला जराही शंका नव्हती. दादाचा आकडा चुकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. एका दशांशासाठी त्यानं एकदा तीन महिन्यांचं काम केरात टाकलं होतं.

एकटीनं करायचं म्हणजे तंगडतोड. काउंटर यंत्राच्या या टोकाला, झडपेचा दांडा पलीकडच्या बाजूला, पंपाच्या मांडणीमागे. उठा, जा, दांडा फिरवा, या, बसा, मिनिट मोजा, लिहा, पुन्हा उठा. दांडा बसतो त्या पत्र्यावर दादानं लाल रंगाच्या दोन खुणा केल्या होत्या, एक उघडची, एक बंदची. मी त्याच खुणांवर दांडा नेत होते. पहिल्या दोन दिवसांत माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला.

तिसऱ्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील. वरच्या झरोक्यातून उन्हाची पट्टी टेबलावर आली होती. पंप घुमत होता. मी वहीत मान घालून रकाने आखत होते, आणि तंद्रीत तोंडातून गेलं, ‘बंद.’

टिकटिक मंदावली. मी आकडा लिहिला. नऊशे ब्याण्णव. ‘उघड.’ टिकटिक वाढली. एकोणीसशे अडतीस. ‘बंद.’ नऊशे अठ्ठ्याऐंशी. वजाबाक्या छान जुळत होत्या. सहा ओळी झाल्या तेव्हा मला बरं वाटलं, की आज गुडघे दुखत नाहीयेत.

मग लक्षात आलं, की गुडघे दुखत नाहीयेत कारण मी उठलेच नव्हते.

माझा हात वहीवर तसाच राहिला. खोलीला एकच दार, ते माझ्या पाठीशी, आणि त्याला आतून मीच कडी लावलेली. मी खुर्चीतून उठले, एका हातानं टेबल धरत मांडणीला वळसा घालून गेले. दांडा बंदच्या खुणेवर होता. अगदी बरोबर खुणेवर. मागे कुणी नव्हतं. दादाचा जुना डगला खिळ्याला लटकत होता, तो काढून न्यायचा राहिला होता.

भुतांवर माझा विश्वास नाही. साहेबांवरही नाही, पण ती गोष्ट वेगळी. मी स्वतःला म्हटलं, ठकूबाई, तू दमली आहेस, उठून जात असशील आणि विसरत असशील. बायका गॅस बंद करून विसरतात तसं. मी डबा खाल्ला, तोंडावर पाणी मारलं आणि खुर्ची उचलून दांड्यासमोरच नेऊन ठेवली. दांड्यावर डोळे रोखून वीस मिनिटं ‘उघड, बंद, उघड, बंद’ करत बसले. दांडा ढिम्म. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर मला सरळ घरी पाठवलं असतं.

खुर्ची परत काउंटरपाशी आणली. वही उघडली. मान खाली घातली. ‘उघड,’ मी अगदी हळू म्हणाले.

एक, दोन. टिकटिक वाढली.

ते दोन सेकंद मला ओळखीचे होते. मी शब्द उच्चारला की दादाला दांडा धरून फिरवायला बरोबर दोन सेकंद लागायचे. मी त्यावरून त्याला कितीदा बोलले असेन, की गोगलगाय तरी बरी. मी वही मिटली आणि रडले. घाबरून नाही. घाबरलेही होते, पण रडले ते त्या दोन सेकंदांसाठी.

तरी मोजमाप करणारी बाई मी, नुसत्या रडण्यावर समाधान मानणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी दांड्यावर आडवी चिकटपट्टी लावली, एक टोक दांड्याला, एक मांडणीला. दांडा हलला तर पट्टी फाटणार किंवा सुटणार. वहीत मान घालून चार वेळा उघड-बंद केलं, चारही वेळा टिकटिकीनं ऐकलं, मग जाऊन बघितलं. पट्टी फाटलेली नव्हती. कुणीतरी ती अलगद सोडवून मांडणीच्या कडेला नीट चिकटवून ठेवली होती, आणि पुढच्या वेळी टोक सापडावं म्हणून एक कोपरा आत दुमडला होता. चिकटपट्टीचा कोपरा दुमडून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

मग मी विचारायचं बंद केलं. सकाळी कडी लावायची, ‘आले रे’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. चुकूनही मागे बघायचं नाही. काम भराभर होऊ लागलं. मी तर जेवणाच्या सुट्टीत भांडायलाही लागले, एकतर्फी. ‘भट्टी जास्त तापवू नकोस, मागच्या वेळी चीर बुजली होती,’ वगैरे. उत्तर यायचं नाही. पंप घुमत राहायचा. कधी कधी डगल्याची बाही जराशी हलायची, पण तिथे पंपाचा वाराही येतो.

चार दिवसांत अकरा आलेख झाले. वजाबाकी प्रत्येक वेळी साडेनऊशेच्या आसपास. बाकीचे हिशेब लावून शेवटचा आकडा काढला, तर दादाचाच आकडा, शेवटच्या दशांशापर्यंत. पलीकडच्यांची दुप्पट गेली उडत! मला एकटीला खोलीत नाचावंसं वाटलं. महिना संपायला आठ दिवस होते. रविवारी दुपारी मी वहिनीकडे गेले आणि दारातच सांगितलं, की नाव राहिलं.

वहिनीनं मला मिठी मारली. चहा टाकला. आणि मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं: दांडा, दोन सेकंद, पट्टीचा कोपरा. सांगता सांगताच वाटलं, आता ही मला डॉक्टरकडे नेणार. पण वहिनी चहा गाळता गाळता थांबली, एवढंच.

‘मग तिकडेही आहे तर,’ ती म्हणाली.

‘तिकडेही म्हणजे?’

तिनं मला आतल्या खोलीत नेलं. कपड्यांचं लाकडी कपाट होतं. दाराला एक बोट फट होती. वहिनीनं दार दाबून लावलं, खट्ट वाजलं. मग तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात येऊन चहाचे दोन घोट घेतले. परत जाऊन बघितलं. एक बोट फट.

‘चार महिने असं चाललंय,’ वहिनी म्हणाली. ‘तो होता तेव्हाही हेच. घरातलं एकही दार कधी पूर्ण लावलं नाही त्यानं. फ्रिजचंसुद्धा. दूध नासायचं रोज. मी भांडून भांडून थकले. पूर्ण लाव म्हटलं की हात तिथेच थांबायचा. जणू कुणी धरलाय.’

‘मला कधी दिसलं नाही ते,’ मी म्हणाले.

‘तुला कसं दिसेल? तुझ्यामुळेच होतं ते.’

वहिनी पलंगाच्या कडेला बसली.

‘तू चार-पाच वर्षांची होतीस. अडगळीच्या खोलीत कोंडली गेली होतीस ना?’

ते मला आठवतं. काळोख आठवतो, आणि दाराच्या लाकडाचा वास. दुपारभर ओरडून माझा घसा बसला होता. दार वाऱ्यानं लागलं, असं घरात सगळे म्हणायचे.

‘वारा कसला? त्यानं लावलं होतं. खेळता खेळता कडी घातली आणि मित्रांबरोबर निघून गेला. विसरला. संध्याकाळी आठवण झाली. मार बसेल म्हणून कुणाला बोलला नाही. लग्नानंतर दहा वर्षांनी मला सांगितलं, आणि रडला कसा, लहान मुलासारखा. तेव्हापासून दार लावायचं म्हटलं की त्याला वाटायचं, आत कुणी असेल तर?’

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. दादाचा राग यायला हवा होता, तो आला नाही. माया आली, आणि तिच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, थंड, अणकुचीदार. एक बोट. माझ्या डोळ्यांसमोर दांड्याची लाल खूण उभी राहिली. ती खूण त्यानंच केली होती.

‘काय झालं गं?’ वहिनीनं विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणाले. ‘डोकं दुखतंय.’

सोमवारी सकाळी मी बंदुकीचा जोर नऊ व्होल्टवर आणला. नऊला कॅल्शियम फुटतो, पण हवा फुटत नाही. हवेला निदान बारा लागतात. म्हणजे नऊला झडप बंद असली, तर काउंटर जवळजवळ गप्पच हवा. ‘बंद,’ मी म्हणाले. एक, दोन. मिनिटात तीनशे अकरा टिक्के. हे मला नवीन नव्हतं. असे टिक्के आम्ही अकरा वर्षं ऐकत होतो. तो भट्टीचा उजेड, दादा म्हणायचा, तापलेल्या भट्टीचा उजेड काउंटरवर पडतो आणि तो वेड्यासारखा वाजतो. वर आमचा पंप म्हातारा, त्यामुळे आमच्या नेहमीच्या पन्नास व्होल्टलाही बंद झडपेचा कचरा भरमसाट. आम्ही त्याला कचरा म्हणायचो आणि वजा करायचो.

मी तशीच, झडप बंद असताना, जोर पाचवर आणला. एवढी एक गोष्ट आम्ही कधीच केली नव्हती. सहाच्या खाली काही फुटतच नाही, तर तिथे कशाला जायचं? भट्टी तीच, तेवढीच तापलेली, उजेडही तेवढाच. टिक्के उजेडाचे असते तर इथेही वाजायला हवे होते.

काउंटर गप्प झाला. पूर्ण मिनिटात दोन टिक्के.

ती खोली मला इतकी शांत कधीच वाटली नव्हती. उजेड नव्हता तो. कचरा नव्हता. कॅल्शियमच होता. ‘बंद’ असताना अर्धे अणू त्या एका फटीतून येत होते, आणि अकरा वर्षं आम्ही ते इमानदारीनं मोजून, इमानदारीनं वजा करत होतो. पलीकडच्यांची दुप्पट खरी होती.

मी मांडणीमागे गेले. त्या पट्टीनंतर पहिल्यांदाच गेले. दांडा खुणेवर होता. मी तो पुढे रेटला. केसभर हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. लोखंड अडकलं तर अडकल्यासारखं अडकतं, करकरतं. हे तसं नव्हतं. मी ढकललं की तेवढ्याच जोरानं उलट ढकललं जात होतं. मी सोडलं की तेही सोडायचं. माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, असं वाटलं. मी हात काढून घेतले.

परत खुर्चीत बसले तेव्हा माझ्यासमोर वही होती आणि वहीत अकरा आलेख. सगळे दादाच्या आकड्याला दुजोरा देणारे. पाचवरचं ते एक मिनिट फक्त मला माहीत होतं. पान फाडलं असतं की संपलं. अळीमिळी गुपचिळी. वहिनीला दिलेला शब्द पाळला गेला असता, कोष्टकात नाव राहिलं असतं, आणि रोज सकाळी कडी लावून ‘आले रे’ म्हणायला माझ्यापाशी कुणीतरी राहिलं असतं. हे शेवटचं कारण सगळ्यांत मोठं होतं, ते लपवत नाही.

पण तो दशांशासाठी तीन महिने केरात टाकणारा माणूस. त्याच्या नावावर जाणूनबुजून खोटा आकडा ठेवायचा, आणि तोही तो सात हातांवर उभा असताना? मला ते जमेना.

मी मान खाली घातली. ‘दादा,’ मी म्हणाले, ‘ऐक. झडप बंद. नऊला तीनशे अकरा. पाचला दोन.’

पंप घुमत होता. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. आकडे कळायला त्याला कधीच दोन सेकंद लागायचे नाहीत.

मी जोर परत नऊवर आणला. टिकटिक सुरू झाली.

‘कडी तू घातली होतीस, ते मला कळलंय,’ मी म्हणाले. माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता. ‘मी रागावलेली नाही. मी पन्नाशीला आलेय रे. आत कुणी नाहीये. पूर्ण लाव. मला भीती नाही वाटत.’

एक, दोन. काही नाही. तीन, चार. टिकटिक तशीच. मग मांडणीमागून एक आवाज आला, जो अकरा वर्षांत कधी आला नव्हता. झडप चिरेवर बसल्याचा. अगदी हलका, खट्ट.

काउंटर थांबला.

मिनिटभरात एक टिक्का. मी लिहिला. जोर पन्नासवर नेला: चाळीस. हाच खरा कचरा. एकोणीसशे चाळीसमधून चाळीस गेले, राहिले एकोणीसशे. दुप्पट. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते, तेही लिहिलं, कारण वेळ लिहायची आमची पद्धत आहे.

‘उघड,’ मी म्हणाले.

मी बराच वेळ वाट पाहिली. मान खाली घालून, डोळे मिटून, सगळ्या प्रकारे पाहिली. शेवटी उठून गेले. दांडा लाल खुणेच्या एक बोट पुढे होता. मी तो धरला, तर लोण्यातून सुरी जावी तसा फिरला. पलीकडे कुणी नव्हतं. डगला नुसता डगला होता.

मंगळवारी मी पत्र लिहिलं: आमचा आकडा चुकीचा आहे, झडप एक बोट उघडी राहत होती, त्यांचा आकडा घालावा. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. संध्याकाळी वहिनीकडे गेले. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते, आणि दारात सगळी विसरले. जे झालं ते सरळ सांगून टाकलं. शब्द मोडला म्हणून पाया पडायलाही वाकले, तिनं पडू दिलं नाही.

‘चूक होती तर होती,’ वहिनी म्हणाली. तिचा चेहरा काहीच सांगत नव्हता. ‘त्याला खोटं चाललं नसतं. मी उगाच गळ घातली तुला.’

मला इतकं हलकं वाटलं, की मी खुर्चीत बसलेच. मग तिनं विचारलं, ‘काल किती वाजता म्हणालीस?’

‘साडेअकरा.’

वहिनी उठून आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. कपाट पूर्ण बंद होतं.

‘मी इथेच कपड्यांच्या घड्या घालत होते,’ ती म्हणाली. ‘माझ्यासमोर लागलं. मी म्हटलं, उघडेल थोड्या वेळानं. रात्री उघडेल. सकाळी उघडेल.’ तिनं दारावर हात ठेवला. ‘नाव गेलं त्याचं मला काही नाही, ठकू. पण ती फट बघून मी चार महिने झोपत होते. त्याला दार लावायला सांगायच्या आधी मला एकदा विचारायचंस.’

मी पुढे झाले, कपाटाचं दार धरलं आणि एक बोट उघडं करून ठेवलं.

वहिनीनं ते लगेच दाबून लावलं.

‘तू केलेली नको,’ ती म्हणाली.